पगाराच्या स्लिपमधलं ‘कन्व्हेयन्स’ आणि सोसायटीच्या नोटिशीतलं ‘कन्व्हेयन्स’ एकच का?

तुम्ही विचारलंय की पगाराच्या स्लिपमध्ये दर महिन्याला ‘कन्व्हेयन्स’ येतं, आणि आता घोडबंदर रोडच्या तुमच्या सोसायटीने ‘कन्व्हेयन्स’साठी प्रत्येक फ्लॅटमागे पैसे मागितलेत, तर ही भानगड एकच का.

शब्द एकच, भानगडी दोन. आणि गोंधळ काही तुमच्या एकट्याचा नाही. मी पाचपाखाडीला राहतो, काही वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आमची वार्षिक सभा खाली पार्किंगमध्ये भरते, दोन स्कूटर बाजूला सरकवून आणि डेकोरेटरच्या खुर्च्या मांडून. एका वर्षी विषयपत्रिकेवर होतं, ‘कन्व्हेयन्सच्या खर्चास मंजुरी देणे’. पहिल्या मजल्यावरच्या काकू उठल्या आणि म्हणाल्या, “अहो, रजिस्ट्रारचं ऑफिस ठाण्यातच आहे ना? मग कमिटीला एवढं रिक्षाभाडं कसं लागतं?” सगळे हसले. पण काकूंचं काय चुकलं? आयुष्यभर नोकरीत व्हाउचरवर ‘कन्व्हेयन्स’ लिहून रिक्षाचेच पैसे घेतले त्यांनी.

मूळ क्रियापद ‘कन्व्हे’. ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘व्हिया’ म्हणजे रस्ता आहे. रस्त्याने सोबत जायचं, हा जुना अर्थ. पाहुणे निघाले की आपण चपला घालून ‘चला, स्टेशनपर्यंत पोचवतो’ म्हणतो ना, नेमकं तेच. मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा म्हणजे कॉन्व्हॉय, तो याच शब्दाचा सख्खा भाऊ. पुढे सोबत जाणं मागे पडलं आणि नुसतं पोचवणं उरलं. एअरपोर्टवर बॅगा पोचवणारा पट्टा तो कन्व्हेयर बेल्ट. ‘कन्व्हे माय रिगार्ड्स’ म्हणजे माझा नमस्कार सांगा. वाहनालाही कन्व्हेयन्स म्हणतात, म्हणून फॉर्मवर ‘मोड ऑफ कन्व्हेयन्स’ दिसलं की रिक्षा, बस किंवा लोकल लिहायचं.

इथपर्यंत मराठीतलं ‘पोचवणे’ छान पुरतं. डबा पोचवतो, पोराला शाळेत पोचवतो, निरोप पोचवतो. ट्रान्सपोर्ट म्हटलं की ट्रक आणि माल डोळ्यासमोर येतो, ट्रान्सफर म्हटलं की बदली नाहीतर बँकेतले पैसे. कन्व्हे त्या दोघांच्या मधे कुठेतरी बसतं.

पगारातल्या भत्त्याचं थोडक्यात सांगतो. घर ते ऑफिस येण्याजाण्याच्या भत्त्यातले महिन्याला १६०० रुपये पूर्वी करमुक्त असायचे. एप्रिल २०१८ पासून सर्वसाधारण नोकरदारांसाठी ती सवलत गेली आणि तिच्या जागी स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातून सरसकट मिळणारी वजावट, आलं. स्लिपवरचं नाव मात्र तसंच राहिलं.

आता सोसायटीचं. इमारत काही जागची हलत नाही, मग पोचवायचं काय? मालकी. सरकारी मराठीत याला ‘अभिहस्तांतरण’ म्हणतात. मी तीन वेळा अडखळल्याशिवाय हा शब्द कधी उच्चारला नाही. आपल्या घरात यासाठी केव्हापासून शब्द आहे, ‘नावावर करून देणे’. नोटिशीत ‘कन्व्हेयन्स’ दिसेल तिथे हेच वाचा.

लोक इथे ठामपणे म्हणतात, ‘माझा फ्लॅट माझ्या नावावर रजिस्टर आहे, मग आणखी काय?’ तुमचं अ‍ॅग्रीमेंट तुमच्या फ्लॅटपुरतं. खालची जमीन कोणाची? आमच्या बाबतीत प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे त्याचा सरकारी उतारा, काढून आणलं तेव्हा त्यावर मूळ जमीनमालकाचं नाव होतं. ते गृहस्थ वारून वर्षं झाली होती. आम्ही पंचवीस वर्षं मेंटेनन्स भरला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोनदा केलं, आणि कागदावर जमीन एका दिवंगत माणसाची! रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू झाली की पहिल्याच बैठकीत हे कार्ड मागतात.

कायदा १९६३ चा, ‘मोफा’, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अ‍ॅक्ट. त्याच्या कलम ११ प्रमाणे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं हे बिल्डरचं काम, आणि नियमांनुसार, करारात वेगळी मुदत नसेल तर, सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. आमच्या बिल्डरने फोन उचलणंच सोडलं. अशांसाठी २००८ च्या दुरुस्तीने ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ आलं, म्हणजे मानीव अभिहस्तांतरण: बिल्डर सही करत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करते, ते बिल्डरला नोटीस काढून सुनावणी घेतात आणि आदेश देतात. आदेश हातात आला म्हणजे काम झालं असं समजू नका. मुद्रांक शुल्क ठरवून घ्यायचं, दस्त नोंदवायचा, आणि मग फेरफार करून कार्डावर किंवा सातबारावर सोसायटीचं नाव चढवायचं. या शेवटच्या पायरीवर बरेच जण थकून थांबतात.

नवी मुंबईतले नातेवाईक वेगळं सांगतील. माझा मेहुणा वाशीला राहतो, तिथे जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. तिथे सोसायटीच्या नावावर येतो तो भाडेपट्ट्याचा हक्क. आमचा सल्ला त्याला आणि त्याचा आम्हाला फारसा लागू पडत नाही, तरी दर दिवाळीला वाद होतोच.

तुम्ही पैसे देण्याआधी सेक्रेटरींकडे दोन गोष्टी मागा: ताज्या तारखेचं प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, आणि खर्चाची फोड, म्हणजे वकिलाची फी किती, मुद्रांक किती, नोंदणी किती. पावतीवर ‘कन्व्हेयन्स खर्च’ असं स्पष्ट लिहून घ्या. आणि ती पावती ऑफिसात भत्त्याच्या क्लेमला जोडू नका, आमच्या चौथ्या मजल्यावरच्या एकाने खरंच जोडली होती.