बर्नार्दो पेरीस द सिल्वा यांची गोव्यातली राजवट १७ दिवसांतच का कोसळली? त्यांनी सुधारणांची घाई केली का?

घाई केली नाही. हा शब्द मी आयुष्यात इतक्यांदा ऐकला आहे की तुमचा प्रश्न वाचल्यावर गप्प राहवलं नाही.

१४ जानेवारी १८३५ ला पेरीस द सिल्वांनी गोव्याच्या कारभाराची सूत्रं घेतली आणि १ फेब्रुवारीला लष्कराने बंड करून त्यांना मुंबईला हाकलून दिलं. तिसवाडीतल्या नेवऱ्याचा हा माणूस. ४५१ वर्षांच्या पोर्तुगीज अमलात त्या खुर्चीवर बसलेला एकमेव गोंयकार. वय साठीला टेकलेलं. १८२२ मध्ये लिस्बनच्या संसदेवर निवडून गेलेले, पुढे पोर्तुगालचा राजा मिगेल याच्या हुकूमशाहीत ब्राझीलमध्ये परागंदा होऊन राहिलेले. म्हणजे काल राजकारणात आलेला उतावळा पोरगा नव्हता. सुधारणाही त्यांनी मनाने काढलेल्या नव्हत्या. मुलकी कारभार आणि न्यायदान वेगळं करणारा, प्रांतावर प्रीफेक्ट, म्हणजे मुलकी प्रमुख, नेमणारा कायदा पोर्तुगालमध्ये १८३२ मध्येच झाला होता. तो फक्त इथे आणायचा होता. त्यांनी न्यायालयं आणि खजिना यांच्या जुन्या घडीला हात घातला, आणि तिथेच बरीच वर्षं बसलेल्यांचं पोट होतं.

आता माझी गोष्ट सांगते, कारण त्याशिवाय मला पुढचं नीट सांगता येणार नाही.

१९९४ मध्ये बी.एस्सी. होऊन मी पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध सोसायटीत सचिव म्हणून लागले. तोवर दूध मापाने घेत. लिटरला एकच भाव, म्हशीच्या दुधात अर्धी विहीर असली तरी तोच. वरून दूध संघाचं पत्र आलं की यापुढे पैसे फॅटवर, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशावर द्यायचे. तपासणीचं सामान आधीच येऊन पडलं होतं, कुणी खोकंही फोडलं नव्हतं. मी फोडलं. पहाटे साडेपाचला नळीत १० मिली ॲसिड, त्यावर पावणेअकरा मिली दूध, १ मिली अल्कोहोल, बूच मारून यंत्रात फिरवायचं. नळी हाताला चटका देते. पहिले चार दिवस माझी बोटं पोळली होती. प्रत्येकाचा आकडा मी त्याच्यासमोर वाचून वहीत लिहायची. सगळ्यांना दिसेल असा.

दहा दिवसांनी पहिलं बिल निघालं. बहुतेक घरांना चार पैसे जास्त मिळाले. तीन घरांचे निम्म्यावर आले, त्यातलं एक चेअरमनचं. अकराव्या दिवशी पहाटे मी गेले तर तपासणीच्या खोलीला नवं कुलूप. चावी चेअरमनच्या पुतण्याकडे. तो म्हणाला, मीटिंग होईपर्यंत उघडायचं नाही. आठवड्यात मीटिंग झाली, माझ्यावर ‘सभासदांशी उद्धट वर्तन’ असा ठराव झाला आणि मला घरी बसवलं. ज्यांचे पैसे वाढले होते ते सगळे तिथे बसले होते. एकानेही तोंड उघडलं नाही.

घरी आल्यावर काका म्हणाले, “घाई केलीस. आपल्याच माणसांत असं करतात? सहा महिने मापाने घ्यायचं, हळूहळू सांगायचं.” हे ते आजही म्हणतात.

सहा महिन्यांत काय झालं असतं? कुलूप सहा महिने आधी बदललं असतं, एवढंच. रजिस्टर माझ्याकडे होतं, चावी नव्हती. पेरीस द सिल्वांचं अगदी हेच झालं. नव्या कायद्याने प्रीफेक्टकडे मुलकी कारभार दिला आणि लष्कर वेगळं काढलं. कागदावर ते शहाणपणाचं. पण गोव्यातलं लष्कर मेस्तीसांच्या, म्हणजे इथेच जन्मलेल्या पोर्तुगीज वंशाच्या घराण्यांच्या मुठीत होतं. स्थानिक ख्रिस्ती आणि पोर्तुगीज समान आहेत हे लिस्बनने १७६१ मध्येच जाहीर केलं होतं. तरी ‘कानारी’, म्हणजे इथला देशी माणूस, म्हणून ज्याला हिणवायचं त्याला सलाम ठोकायची वेळ आली, ती त्यांना सोसली नाही. हाच कायदा लिस्बनहून आलेल्या कुणा सरदाराने आणला असता तर कुरकुर झाली असती, बंड १७ दिवसांत झालं नसतं असं माझं ठाम मत आहे. परक्याचा हुकूम लोक पावसासारखा सोसतात. घरच्याने तोच हुकूम दिला की ‘हा कोण लागून गेला’.

आणि त्यांच्या बाजूने माणसं उभी राहिली, हे ‘घाई केली’ म्हणणारे सांगत नाहीत. त्याच वर्षी मेमध्ये आजच्या मिरामारजवळच्या गास्पार दियाश किल्ल्यात त्यांच्या बाजूच्या सैनिकांची कत्तल झाली, किल्ला जाळला गेला. दमण आणि दीवने त्यांनाच मानलं, तिथून त्यांनी १८३७ पर्यंत कारभार केला. नंतर गोव्याने त्यांना पुन्हा लिस्बनला निवडून पाठवलं, १८४४ मध्ये वारले तेव्हाही ते प्रतिनिधीच होते. लोकांना नको असलेला माणूस पुन्हा निवडून येतो का? आणि त्या लष्कराची बंडं काही थांबली नाहीत. शेवटी १८७१ मध्ये लिस्बनला ते बरखास्तच करावं लागलं. दुखणं कुठे होतं ते यावरून कळतं.

एक मात्र मान्य करते. हे सगळं भांडण मुख्यतः जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांतल्या, वरच्या थरातलं होतं; पेडणे त्यात नव्हतं. पेडण्यातल्या कुळाला त्या १७ दिवसांत काहीही मिळालं नाही, आणि पेरीस द सिल्वांच्या डोळ्यांसमोर ते कूळ होतं असाही माझा दावा नाही. त्यांना देव करू नका.

तुम्ही यावर काही लिहिणार असाल तर ‘घाई’ हा शब्द खोडा आणि बराकीच्या चाव्या कुणाकडे होत्या ते लिहा. तुम्ही स्वतः कुठे नव्याने जबाबदारी घेत असाल तर आधी चावी मागून घ्या, मग खोकं फोडा. मी ते केलं नाही, ही माझी चूक मला मान्य आहे. काका म्हणतात ती नाही.

दीड वर्षाने संघाचा बाहेरचा माणूस येऊन बसला आणि फॅटवर पैसे सुरू झाले. ‘घाई’ कुणी म्हणालं नाही. ती दहा दिवसांची वही माझ्याकडे अजून आहे. काकांच्या म्हशीचं फॅट ७.२ होतं, गावात सगळ्यांत जास्त.