मानधन थकवणारा निर्माता नाटकात काम करण्यापासून अडवू शकतो का?

प्रश्न : मी मूळची नाशिकची. दीड वर्षापासून एका मराठी मालिकेत नायिकेच्या जावेची भूमिका करते. दिवसाला ७,००० रुपये ठरलेत, तेही बिल दिल्यावर ९० दिवसांनी. ३८ शिफ्टचे पैसे थकलेत. ट्रॅक (कथानकातला माझा भाग) कमी केल्यामुळे महिन्याला जेमतेम पाच-सहा दिवस कॉल येतो. आता एका व्यावसायिक नाटकात चांगली भूमिका मिळतेय. प्रॉडक्शनला सांगितलं तर उत्तर आलं, ‘तू एक्सक्लुझिव्ह आहेस. नाटक केलंस तर दहा लाख दंड, आणि इंडस्ट्रीत काम मिळणार नाही.’ कराराचे सहा महिने उरलेत. त्यानंतरही सहा महिने दुसरीकडे काम करायचं नाही, असं कलम आहे. कराराची प्रत मला दिलेली नाही. सही करताना मोबाइलवर काढलेले फोटो आणि बिलांचा तक्ता सोबत जोडलाय. पोलिसांत जावं, असंही वाटतं. काय करू?

उत्तर : उद्याचा कॉल आला तर सेटवर जा. आज करार मोडलाय तो निर्मात्याने. तुम्ही रागाच्या भरात शूटिंग सोडलंत तर उद्या तो तुमच्याकडे बोट दाखवेल, आणि हातातली भक्कम बाजू फुकट जाईल.

आता ते ‘एक्सक्लुझिव्ह’चं, म्हणजे करार चालू असताना दुसरीकडे काम न करण्याचं कलम. फोटोंतला मजकूर मी दोनदा वाचला. त्यात ‘इतर कोणतीही दूरचित्रवाणी मालिका, वेब मालिका अथवा जाहिरात’ एवढंच आहे. नाटकाचा उल्लेखच नाही. आठवडाभर शूटिंग आणि शनिवार-रविवार प्रयोग ही कसरत मराठी कलाकार वर्षानुवर्षं करत आलेत, प्रॉडक्शनवाल्यांना हे काही नवीन नाही. हे कलम लिहिणाऱ्याला नाटक बंद करायचं असतं तर त्याने तसं लिहिलं असतं. मात्र शूटिंगच्या तारखांना प्राधान्य द्यायचं, असं पुढच्या पानावर आहे. तेवढं तुम्हाला पाळावं लागेल.

समजा, निर्माता तरीही मनाई हुकूम मागायला कोर्टात गेला. करार चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट सहसा वैध असते. सेंच्युरी स्पिनिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली हेच सांगितलंय, त्यामुळे ‘अशी अटच बेकायदा आहे’ म्हणणाऱ्या मित्रमंडळींवर विसंबू नका. पण विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ४२ ला एक परंतुक, म्हणजे जोड-अट आहे. असा मनाई हुकूम मागणाऱ्याने करारातली स्वतःची जबाबदारी पाळलेली असली पाहिजे. मुदत उलटूनही मानधन न देणारा निर्माता इथेच अडकतो. तुमच्याकडून अभिनय मात्र कोणतंच कोर्ट सक्तीने करून घेणार नाही. वैयक्तिक कौशल्यावर अवलंबून असलेल्या कामाची तशी अंमलबजावणी होत नाही.

करार संपल्यानंतरच्या सहा महिन्यांच्या बंदीची काळजी सोडा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ पुढे ती टिकत नाही. क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याची जुनी व्यवस्थापन कंपनी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये करारानंतरची बंधनं अशीच नाकारली होती.

दहा लाखांच्या आकड्याने दचकू नका. त्याच करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. कोर्ट देतं ती वाजवी भरपाई. महिन्याला पाच दिवस लागणाऱ्या पात्रामुळे निर्मात्याचं दहा लाखांचं नुकसान कसं झालं, हे तो सांगेल तेव्हा ऐकायला मलाही आवडेल.

थकबाकीचा हिशेब मात्र काटेकोर करा. ३८ शिफ्टचे २,६६,००० रुपये होतात. पण तुमच्या तक्त्यानुसार ९० दिवस उलटलेत ते फक्त २६ शिफ्टचे, म्हणजे १,८२,००० रुपये. आज थकबाकी एवढीच. उरलेल्या १२ शिफ्ट नोटिशीत ‘पुढे देय होणारी रक्कम’ म्हणून वेगळ्या दाखवा, नाहीतर समोरचा वकील तिथूनच सुरुवात करेल. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आपल्या पॅनखाली या बिलांवर टीडीएस जमा दिसतोय का, तेही बघा. दिसला तर ‘काम झालंच नाही’ म्हणायची सोय राहत नाही. आदल्या रात्री येणारे कॉल टाइमचे मेसेज, कंटिन्युटीचे (पुढच्या दृश्यात वेशभूषा जुळावी म्हणून सेटवर काढलेले) फोटो, बिलं पाठवल्याचे ईमेल सगळं जपा. मोबाइल बदलायचा असेल तर आधी माझ्यासारख्या एखाद्या वकिलाला विचारा, कारण मूळ चॅट गेलं की पुरावा दुबळा होतो.

मग स्पीड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस पाठवा : १५ दिवसांत थकबाकी द्या, कराराची सही केलेली प्रत द्या, आणि अमुक तारखेपासून मी नाटकाचे प्रयोग करणार आहे, शूटिंगच्या तारखा सांभाळून. एक प्रत वाहिनीला पाठवा. तुमचा करार निर्मात्याशी आहे, त्यामुळे वाहिनी तुम्हाला पैसे द्यायला सहसा बांधील नसते. पण निर्मात्याला एपिसोडचे पैसे तिथूनच मिळतात, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

पैसे नाहीच आले तर आधी सिंटा या कलाकारांच्या संघटनेकडे किंवा चित्रपट महामंडळाकडे, जिथलं सभासदत्व असेल तिथे लेखी तक्रार करा. त्या संस्था म्हणजे न्यायालय नव्हे, पण एवढ्या रकमेसाठी तो मार्ग स्वस्त आणि बऱ्याचदा वेगवान असतो. करारात लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी त्रयस्थाकडे सोडवायचं कलम आहे. थेट दावा केलात तर निर्माता ते पुढे करेल. लवाद निर्मात्याने एकट्याने नेमायचा, असं त्यात लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स निकालानंतर अशी एकतर्फी नेमणूक चालत नाही. तरी लवादाचा खर्च पाहता मी तो मार्ग शेवटी ठेवेन. थकबाकीसाठी दाद मागायची मुदत साधारण तीन वर्षांची आहे, पण तोंडी आश्वासनांवर ती घालवू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्यानुसार महिलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पोलिसांत जाण्याचा विचार तुम्ही लिहिलाय. नुसते पैसे थकवणं म्हणजे फसवणुकीचा गुन्हा नव्हे, चौकीतून तुम्हाला कोर्टाचाच रस्ता दाखवतील. निर्मात्याचं नाव घेऊन इन्स्टाग्रामवर पोस्टही टाकू नका. थकबाकीचा वाद बाजूला राहून बदनामीचा सुरू होईल. ‘काम मिळणार नाही’ ही धमकी मेसेजमध्ये असेल तर स्क्रीनशॉट काढा आणि मूळ मेसेजही ठेवा.

नाटकाच्या निर्मात्याला आपला मालिकेचा करार आत्ताच सांगा. शूटिंगशी तारीख अडली तर प्रयोग कसा सांभाळायचा, ते त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि या वेळी सही केलेली प्रत हातात पडल्याशिवाय तालमीला उभ्या राहू नका.