पलूस भागात मधमाशीपालन सुरू करायचंय: सातेरी की मेलिफेरा, आणि पेट्या पावसाळ्याआधी घ्याव्यात का?

पावसाळ्याआधी घेऊ नका. बाकीच्या प्रश्नांकडे येतोच, पण मे-जूनमध्ये हौसेने आणलेली नवशिक्याची वसाहत (एका पेटीतलं माश्यांचं कुटुंब) गणपतीपर्यंत टिकलेली मी क्वचितच पाहिली आहे, म्हणून हे आधी सांगून टाकतो.

तुम्ही लिहिलंय की अडीच एकर रान आहे, निम्म्यात ऊस, थोडी द्राक्षं, बांधाला शेवगा आणि नारळ. दोन पेट्या ठेवायच्या आहेत आणि किती मध निघेल तेही हवंय. मी जावळी तालुक्यातला, मेढ्याच्या वरच्या अंगाला राहतो, सातेरी म्हणजे आपली देशी मधमाशी पाळतो. सासुरवाडी तासगावची, त्यामुळे तुमच्याकडचा द्राक्षपट्टाही ओळखीचा आहे. आमचा डोंगर आणि तुमचं रान यात फरक मोठा आहे. यूट्यूबवरचे व्हिडिओ हा फरक सांगत नाहीत.

आमच्याकडे उन्हाळ्यात जांभूळ, हिरडा फुलतो, कारवीचं वर्ष असेल तर (सात-आठ वर्षांतून एकदा) मग विचारायलाच नको. तुमच्याकडे नजर जाईल तिथवर हिरवं असतं, पण त्यातलं माशीच्या पोटात जाणारं फार थोडं. उसाला तुरा आला तरी त्यात मकरंद नसतो. द्राक्षाचा फुलोरा चार दिवसांचा, आणि त्याला फळधारणेसाठी माशीची गरजही लागत नाही. माशीला उपयोग आहे तो शेवगा, नारळ, लिंबू, करंज, बोर, निलगिरी यांचा, आणि पिकांत सूर्यफूल, तीळ, कारळं, तूर, धने, बियाण्यासाठी ठेवलेला कांदा यांचा. मक्याचे परागकणही माश्या गोळा करतात. सातेरी माशी साधारण किलोमीटरभराच्या आत चरते. म्हणून आत्ता पेटीवर पैसे घालण्यापेक्षा एक वही करा. रानाच्या चारी बाजूंना किलोमीटरभर फिरून कोणत्या महिन्यात काय फुलतंय ते टिपत राहा, ते दसऱ्यापर्यंत. सलग दीड-दोन महिने काहीच फुलत नाही असं निघालं, तर तेवढे दिवस वसाहत तुम्हाला साखरेवर जगवावी लागणार, हे आधीच कळेल.

आता द्राक्षं. खरी अडचण तिथे आहे आणि तुम्ही ती एका शब्दात उरकलीय. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत औषधांचा मारा सुरू होतो तो पार जानेवारीपर्यंत. नेमके तेच महिने नवी वसाहत बसवायला चांगले. बुरशीनाशकांपेक्षा भीती कीटकनाशकांची. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध झाडात भिनतं आणि फुलातल्या परागापर्यंत पोचतं. शिवाय बागेत खाली तण फुललेलं असतं, माश्या त्यावर बसलेल्या असतात आणि वरून ब्लोअर (फवारणीचं यंत्र) फिरतो. संध्याकाळी पेटीच्या तोंडाशी जीभ बाहेर काढून मेलेल्या माश्यांचा सडा दिसला, की समजायचं फवारणी झाली. तुमची बाग तुमच्या हातात आहे, शेजाऱ्याची नाही. त्यामुळे आजूबाजूला बागा दाट असतील तर पेट्या बागेच्या रानात ठेवूच नका. सागरेश्वरच्या डोंगराकडेला किंवा शिराळ्याच्या बाजूला एखाद्या पाहुण्याचं रान असेल तर तिथे ठेवा. अभयारण्याच्या हद्दीत मात्र नाही. घरापासून लांब पडतं म्हणून बरेच जण हे टाळतात, पण आठवड्यातून एक चक्कर परवडते, मेलेली वसाहत परवडत नाही.

सातेरी की मेलिफेरा? दोन पेट्यांसाठी सातेरी, यात मला शंका नाही. मेलिफेरा, म्हणजे बाहेरून आणलेली युरोपीय माशी, मध जास्त देते हे खरं, पण तिला सतत फुलोरा लागतो. ती पाळणारे लोक पेट्या ट्रकवर चढवून फुलोऱ्यामागे फिरत असतात. ज्याला फिरायचंय त्याचा तो धंदा. त्यात व्हरोवा नावाची गोचिडीसारखी कीड तिला छळते. सातेरी आपल्याच मातीतली, ती ही कीड अंगावरून स्वतः वेचून काढते आणि कमी चाऱ्यात तग धरते. तिचा दोष एकच, रुसली की घर सोडून जाते. मधाचं विचाराल तर सातेरीची पेटी वर्षाला चार-पाच किलो देते, जागा फार चांगली असेल तर आठ-दहा. दोन पेट्यांतून संसार चालत नाही. बांधावरच्या शेवग्याला शेंगा बऱ्या धरतील, घरात मध असेल, एवढं धरून चाला.

पेट्या दोन घेताय हे मात्र बरोबर केलंत. एकच असती आणि राणी मेली असती, तर हात चोळत बसावं लागलं असतं. दुसरी असली की तिच्यातली ताज्या अंड्यांची फ्रेम (पोळं धरणारी लाकडी चौकट) इकडे देता येते आणि माश्या त्यातून नवी राणी तयार करतात.

पेटी सातेरीच्याच मापाची घ्या. गावातल्या सुताराकडून करून घ्यायची असेल तर त्याला एक नमुना पेटी हातात द्या, तोंडी माप सांगू नका. फ्रेम आणि भिंत यांत साधारण आठ मिलिमीटरची फट राहिली पाहिजे. जास्त राहिली तर माश्या तिथे आडवं पोळं बांधतात, कमी राहिली तर फट बंद करून टाकतात, आणि मग फ्रेम उचलताना पोळं फाटतं. पेटी घोडीवर (चार पायांच्या स्टँडवर) ठेवा आणि घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंग्या आठवड्यात फडशा पाडतील. तोंड पूर्वेला, कारण पाऊस नैऋत्येकडून येतो. पेटीला तोंडाकडे किंचित उतार, दुपारी सावली, झाकणावर दगड. जवळपास पाणी हवं, त्यात काड्या नाहीतर खडे टाकून, म्हणजे माश्या बुडत नाहीत.

तपासणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नवे लोक पेटी एकतर रोज उघडतात नाहीतर महिनामहिना उघडत नाहीत. आठ-दहा दिवसांतून एकदा पुरे. स्वच्छ ऊन पडलेली, वारा नसलेली सकाळ निवडा, अंगात फिकट रंगाचे कपडे, तोंडावर बुरखा. धुराड्यात (माश्यांवर धूर सोडायच्या डब्यात) गोणपाटाचा तुकडा किंवा गोवरी, आणि धूर अगदी माफक. सातेरीला जास्त धूर सोसत नाही. उघडण्याआधी पेटीला कान लावून बोटाने एक टिचकी मारा. आतून एकदम ‘सुस्स’ होऊन लगेच शांत झालं तर बहुधा सगळं ठीक. आवाज कण्हल्यासारखा लांबत राहिला तर राणीबद्दल शंका घ्यायची.

फ्रेम उचलली की राणी शोधत बसू नका. सातेरीची राणी पळपुटी असते, तिच्यामागे पंधरा मिनिटं पेटी उघडी राहते आणि पिलावा (पोळ्यातली अंडी-अळ्या) गारठतो. अंडी बघा. सूर्याकडे पाठ करा, म्हणजे उजेड खांद्यावरून थेट पोळ्यातल्या घरांच्या तळाशी पडेल. प्रत्येक घराच्या तळाला पांढरा, केसाएवढा बारीक दाणा उभा दिसेल. अंडं पहिल्या दिवशी उभं असतं, मग कलत जातं आणि तिसऱ्या दिवशी आडवं होतं. उभं अंडं दिसलं म्हणजे राणी काल-परवा इथे होती, तिला बघायची गरज नाही. एका घरात दोन-तीन अंडी वेडीवाकडी पडलेली दिसली, तर राणी जाऊन कामकरी माश्याच अंडी घालायला लागल्या आहेत. त्यातून फक्त नर निघतात. अशा वेळी दुसऱ्या पेटीतली फ्रेम कामाला येते, पण तोवर बहुतेक उशीर झालेला असतो.

जाता जाता तळपाट (पेटीची तळाची फळी) झाडून काढा. मेणाचा चुरा तळाला साठला की त्यात मेणपतंगाच्या अळ्या वाढतात आणि तिथून पोळ्यात जाळी धरतात. ज्या पोळ्यावर माश्या बसलेल्या नाहीत ते काढून घ्या. गांधीलमाशी तोंडाशी घिरट्या घालत असेल तर फाटक अरुंद करा. वेडा राघू तारेवर बसून माश्या टिपतो, त्याला इलाज नाही, आणि तो एकटा काही वसाहत संपवत नाही.

रुसून जायच्या आधी सातेरी सांगते. पायांना परागाचे गोळे लावून येणाऱ्या माश्या कमी होतात, राणी अंडी घालणं थांबवते, आतला साठा संपवला जातो, आणि मग एका दुपारी पेटी रिकामी. कारण बहुतेक वेळा उपासमार, मुंग्या किंवा मेणपतंग. नाहीतर मालकाची अति देखभाल. पाक द्यायचा तो समभाग साखर आणि पाणी उकळून, गार करून, संध्याकाळी, पेटीच्या आत, एका रात्रीत संपेल इतकाच. बाहेर सांडला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लूटमार करायला येतात. आपल्याकडे गूळ घरचा असतो म्हणून लोक गुळाचं पाणी देतात. नका देऊ, त्याने माश्यांना हगवण लागते. विकतचा मधही नको, त्यातून रोग येऊ शकतो.

मध काढायचा तो फक्त वरच्या मजल्यावरचा, आणि पोळ्याच्या तीन-चतुर्थांश घरांना मेणाचं झाकण लागल्यावर. झाकण न लागलेला मध पातळ असतो, ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला की तो आंबतो. मधयंत्रात फिरवून काढा, पोळं पिळू नका. तेच पोळं माश्या पुन्हा भरतात. खालच्या मजल्यावरचा मध त्यांचा, पावसाळ्याचा शिधा.

डंख लागणार हे गृहीत धरा. नांगी नखाने खरवडून काढा नाहीतर चिमटीत धरून, पण लगेच. डंखाच्या जागी पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो आणि त्या वासाने बाकीच्या माश्या पेटतात, म्हणून जरा बाजूला जाऊन धूर घ्या. सूज येणं नेहमीचं, पण अंगभर गांध्या उठल्या किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठा. घरातल्या कुणाला आधी असा त्रास झाला असेल तर पेट्या घराजवळ नकोत. आणि झाडावरचं आग्यामोहोळ दिसलं म्हणून तिथे हात अजमावायला जाऊ नका, तो प्रकारच वेगळा.

शिकायचं असेल तर महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथे प्रशिक्षण मिळतं. मध केंद्र योजनेत पेट्यांना अनुदानही आहे, सांगलीच्या जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात आधी चौकशी करा. जमलं तर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालेल्या, महाबळेश्वरजवळच्या मांघरलाही एक चक्कर मारा. तिथल्या माणसासोबत अर्धा दिवस पेट्या उघडल्यात तर माझं हे सगळं लिखाण वाचायची गरज राहणार नाही.

वसाहत घ्यायची ती दसरा-दिवाळीनंतर, आणि शक्य तो माश्यांसकट भरलेली, ओळखीच्या मधपाळाकडून. ढोलीतली वसाहत पकडून पोळी फ्रेमला बांधणं हे काम बघून शिकायचं आहे, पहिल्या वर्षी त्यात पडू नका. घेताना किमान चार फ्रेम माश्यांनी झाकलेल्या हव्यात. पेटी रात्री, फाटक बंद करून न्यायची, पण वसाहत बघायची ती दिवसा. त्याला एक फ्रेम उचलायला सांगा आणि उन्हात अंडी दाखवा म्हणा. टाळाटाळ करायला लागला तर पैसे खिशात ठेवून चहा पिऊन परत या.