लंडनला येण्याआधी सुरक्षेबद्दल

ताई, तुम्ही विचारलंत की लंडनला आल्यावर मुलांनी गळ्यातला दाविदाचा तारा उघड घालावा का, आणि ज्यू म्हणून कुणी त्रास दिला तर जायचं कुठे.

आधी खरं ते सांगते. 7 ऑक्टोबर 2023 नंतर इथे ज्यूद्वेषाच्या घटना एकदम वाढल्या. 2025 च्या योम किप्पूरला, म्हणजे आपल्या उपवासाच्या पवित्र दिवशी, तर मँचेस्टरच्या हीटन पार्क सिनेगॉगवर (ज्यू प्रार्थनास्थळावर) हल्ला झाला, त्यात आपल्या समाजातल्या दोघांचा जीव गेला. तरी माझी मुलं तारा घालतात. तुमच्या घरचं तुम्ही ठरवा; शर्टाच्या आत ठेवला म्हणून कुणी नावं ठेवणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझं एकच उत्तर आहे: तक्रार करायचीच. धोका समोर असेल तर पोलिसांना 999, एरवी 101, ट्रेनमध्ये असाल तर 61016 वर मेसेज. शब्बाथ, म्हणजे आपला आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, आहे म्हणून थांबू नका; एरवी त्या दिवशी फोन वर्ज्य असला तरी जिवाचा प्रश्न असेल तर मुभा आहे. मग कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्टलाही कळवा. सगळे सीएसटी म्हणतात. ही आपल्याच समाजाची संस्था आहे, 1994 पासूनची. पोलिसांकडे पाठपुरावा करायला त्यांची फार मदत होते.

'नुसती शिवीच दिली, हात कुठे लावला' म्हणून आपली माणसं गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. नोंदच नसेल तर गस्त वाढवा म्हणून कशाच्या जोरावर सांगायचं? गुन्हा द्वेषातून झाला असं तुम्हाला किंवा बघणाऱ्याला वाटलं, तरी पोलिसांनी तशी नोंद घ्यायची असते. कोर्टात द्वेष सिद्ध झाला तर शिक्षा वाढते.

बसमध्ये काही घडलं तर बसचा नंबर, वेळ, कुठल्या दिशेला चालली होती, हे लगेच फोनमध्ये टिपा. कॅमेऱ्याचं चित्रण कायम राहत नाही, म्हणून त्याच दिवशी कळवा. तो माणूस जे बोलला ते शब्द जसेच्या तसे लिहा, कितीही घाण असले तरी. 'वाईट बोलला' एवढ्यावर केस उभी राहत नाही. दारावर काही खरडलं असेल तर पुसायच्या आधी फोटो. पोलिसांनी दिलेला गुन्ह्याचा क्रमांक जपून ठेवा. संशयित हाती लागूनही आरोप न ठेवता प्रकरण मिटवलं, तर बहुतेक वेळा फेरविचार मागायचा हक्क तुम्हाला असतो.

सिनेगॉगला पहिल्यांदा जाण्याआधी ऑफिसला ईमेल करा, ओळखपत्र सोबत ठेवा. दारावरचे स्वयंसेवक चार प्रश्न विचारतील, पिशवी उघडायला लावतील, ते मनाला लावून घेऊ नका. आणि प्रार्थना संपल्यावर फाटकाबाहेर घोळका करून गप्पा मारत उभं राहू नका, मुलांनाही तसं आधीच सांगून ठेवा.