डब्यातील हॅम-सलामी आणि नायट्राइटची भीती: नेमके काय टाळावे?

तुम्ही लिहिले आहे की जर्मनीत आल्यापासून मुले शाळेच्या डब्यात रोज हॅम किंवा सलामी लावलेला ब्रेड मागतात, पाकिटावर ई 250 दिसले की तुम्हाला धास्ती वाटते, आणि न्यू जर्सीतील बहीण घेते तसे नायट्राइटविरहित मांस आणले तर काळजी मिटेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी अन्नतंत्रज्ञान शिकलो असून बव्हेरियातील एका सॉसेज कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम सहा वर्षे केले आहे. काळजी थोडी कमी होईल, मिटणार नाही, असे माझे मत आहे.

ई 250 म्हणजे सोडियम नायट्राइट. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील वुर्टेम्बर्ग भागात बिघडलेले सॉसेज खाऊन माणसे लुळी पडून दगावत असत, आणि यस्टिनस केर्नर या तेथील वैद्याने 1820 च्या सुमारास त्या विषबाधेची लक्षणे बारकाईने नोंदवली. सॉसेजला लॅटिनमध्ये बोटुलुस म्हणतात, म्हणून या रोगाचे नावच बोट्युलिझम पडले. त्याचा जंतू जिथे हवा पोहोचत नाही तिथे वाढतो, आणि गच्च भरलेल्या सॉसेजचे पोट ही त्याच्या सोयीची जागा आहे. नायट्राइट त्याची वाढ रोखते, शिवाय मांसाचा गुलाबी रंग आणि ती विशिष्ट चवही त्याचीच. पूर्वी हेच काम सोरा करत असे, म्हणजे बंदुकीच्या दारूत पडणारा तोच क्षार. जर्मनीत कारखान्यांना आणि खाटकांना हे रसायन मिठात मिसळूनच मिळते, आणि त्या मिठात त्याचे प्रमाण साधारण 0.4 ते 0.5 टक्के असते. किलोभर मांसाला वीस ग्रॅम मीठ घातले तर नायट्राइट जाते जेमतेम 100 मिलिग्रॅम, आणि कुणी चुकून दुप्पट घातलेच तर माल इतका खारट होतो की तो तोंडात धरवत नाही. या साध्या युक्तीचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

धोका आहे तो नायट्राइटपासून पुढे बनणाऱ्या नायट्रोसमाइन्सचा. मांसातील प्रथिनांपासून येणाऱ्या अमाइन्सशी नायट्राइटचा संयोग झाला की ती तयार होतात. कढईत किंवा निखाऱ्यावर, तीव्र आचेवर, ही क्रिया वेग घेते, आणि काही प्रमाणात ती आपल्या पोटातही घडते. क जीवनसत्त्व तिला आडकाठी करते, म्हणूनच त्याच पाकिटावर बहुधा ई 300 किंवा ई 301 असते. ते पाहून घाबरणारे लोक भलत्याच आकड्याला घाबरतात. पालक आणि बिटातही नायट्रेट (ज्याचे जंतू नायट्राइट करतात तो क्षार) भरपूर असते, पण तिथे या क्रियेला हातभार लावणारे मांसातील लोहयुक्त हीम नसते आणि क जीवनसत्त्व सोबत येते, त्यामुळे भाज्यांना त्याच तराजूत तोलू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्योन येथील कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या, म्हणजे कर्करोगकारक असल्याची खात्री पटलेल्या गटात टाकले, आणि तंबाखूही त्याच गटात असल्यामुळे वर्तमानपत्रांत बराच गदारोळ झाला. तो गट पुराव्याची खात्री सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. रोज 50 ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. समजा शंभरांपैकी पाच जणांना हा रोग आयुष्यात कधीतरी होणार असेल, तर सगळ्यांनीच रोज तेवढे खाल्ल्यास ते सहाच्या जवळ जातील. यात ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि तुमच्या पत्रातही तोच आहे.

आता बहिणीच्या पाकिटाविषयी. अमेरिकेत ज्यावर ‘नायट्राइट घातलेले नाही’ असे छापतात, त्यात बहुधा सेलरीची भुकटी असते; सेलरीतील नायट्रेटचे जंतूंकरवी नायट्राइटच केलेले असते, आणि रेणू तोच असल्यामुळे शरीराला त्याचे मूळ कळत नाही. जर्मनीत खरोखर नायट्राइट नसलेला माल हवा असेल तर बिओलँड किंवा डेमेटर या सेंद्रिय शेती संघांचे चिन्ह पाहावे; नुसते युरोपीय सेंद्रिय चिन्ह पुरेसे नाही, कारण त्या नियमांत मर्यादित नायट्राइट चालते. इटलीचे पार्मा हॅम तर केवळ मीठ आणि वर्षाहून अधिक काळ यांवरच मुरते. रंगही बराच बोलतो: वाइसवुर्स्ट हे बव्हेरियन सॉसेज पांढरे असते ते नायट्राइट नसल्यामुळे, आणि फ्रिज नव्हते तेव्हा ते लवकर बिघडे म्हणून ‘त्याने दुपारचे बाराचे ठोके ऐकू नयेत’ असे बव्हेरियात म्हणतात. मात्र मीठ, चरबी आणि हीम या सर्वांत राहतातच.

म्हणून पाकीट बदलण्याआधी आठवड्यातले हॅमचे दिवस कमी करावेत. जर्मन पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रौढांसाठी मांस आणि सॉसेज मिळून आठवड्याला 300 ग्रॅमपर्यंतची मर्यादा सुचवली आहे; मुलांचा वाटा त्याहून लहान असावा. आमच्या घरी हॅमचा ब्रेड फक्त शुक्रवारी असतो. इतर दिवशी उकडलेले अंडे, रविवारी भाजून ठेवलेल्या कोंबडीचे काप, चीज, किंवा मुलांचा मूड असेल तर थालीपीठ आणि दही. पहिले दोन आठवडे कुरकुर झाली, डबा अर्धा परतही आला. आणि हॅम असो वा लेबरकेझे (बारीक वाटलेल्या मांसाचा भाजलेला ठोकळा), ते कधीही तव्यावर कुरकुरीत करू नये. शुक्रवारचा ब्रेड आम्ही थंडच देतो.