प्रश्न तुमचे, पडदा आमचा : ती दोघं शेवटी एकत्र का राहत नाहीत?

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. परवा आम्ही दोघांनी 'अ लिटल रोमान्स' पाहिला. पॅरिसचा मुलगा आणि अमेरिकन मुलगी, आधी मैत्री, मग प्रेम. शेवटी ती गाडीत बसून कायमची निघून जाते. मुलगा चिडला. "एवढं सगळं केलं, मग उपयोग काय?" म्हणाला आणि उठून गेला. अशा चित्रपटांत नेहमी ताटातूटच का होते? आणि त्याला मी काय सांगू?
– एक आई

उत्तर : ताई, तुमच्या मुलाचा राग मला मनापासून आवडला. 'अरे, सिनेमाच तर आहे' म्हणून त्याला गप्प करू नका. त्याने नेमक्या जागी बोट ठेवलं आहे.

हा चित्रपट १९७९चा, जॉर्ज रॉय हिल यांचा. डॅनियल टॅक्सीचालकाचा मुलगा. लॉरेन पॅरिसमध्ये राहते ती सावत्र वडिलांच्या कामामुळे, आणि ते काम आटोपलं की तिनेही सामान बांधायचं. ज्या नोकरीमुळे दोघं भेटली, तीच त्यांना वेगळं करते. त्यांना कुणी काही विचारलेलंच नाही. तेराव्या वर्षी ना स्वतःचं घर, ना हातात पैसा. सरहद्द ओलांडायलासुद्धा कुणीतरी मोठं माणूस बरोबर लागतं, म्हणून तर व्हेनिसला जाताना ती ज्युलियसला सोबत घेतात. लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी साकारलेला हा गोडबोल्या म्हातारा खरा तर पाकीटमार. सूर्यास्ताच्या वेळी, घंटा वाजत असताना, गोंडोला होडीत बसून व्हेनिसच्या 'ब्रिज ऑफ साइज' या पुलाखाली चुंबन घेतलं की प्रेम जन्मभर टिकतं, ही गोष्टही त्याचीच. ती खरी की रचलेली, याने मला फरक पडत नाही. सगळ्या चित्रपटात मुलांनी स्वतः घेतलेला मोठा निर्णय तेवढा एकच आहे. घरच्यांचा ओरडा, पोलिसांचा ससेमिरा, सगळं पत्करून ती तिथवर पोचतात. 'उपयोग काय' याचं माझं उत्तर ते आहे. पुढचं मोठ्यांनी ठरवलं, पण तो प्रवास त्यांचा होता.

जॉन डुइगन यांच्या 'फ्लर्टिंग'मध्ये (१९९१) हेच अधिक कठोरपणे येतं. काळ १९६५चा, ठिकाण ऑस्ट्रेलिया. तळ्याच्या एका काठावर मुलांची निवासी शाळा, दुसऱ्या काठावर मुलींची. अडखळत बोलणारा, वर्गाने छळलेला डॅनी आणि युगांडाहून आलेली थांडिवे. तो रात्री होडी वल्हवत तिच्याकडे जातो. इथे ताटातुटीला वडिलांच्या बदलीइतकं साधं कारण नाही. तिच्या देशातलं राजकारण तिच्या घरात शिरतं आणि तिला परत जावं लागतं. मला हा चित्रपट फार जवळचा वाटतो तो थांडिवेमुळे. ती डॅनीला शहाणं करायला आलेली नाही. तिचं स्वतःचं डोकं आहे, विनोदबुद्धी आहे, भीती आहे. परक्या संस्कृतीतलं पात्र केवळ नायकाच्या शिक्षणासाठी आणलं आणि काम झाल्यावर वाटेला लावलं, असे चित्रपट कमी नाहीत. ते कितीही देखणे असले तरी मला पटत नाहीत.

आणि ताटातूट 'नेहमीच' होते, असंही नाही. गुरिंदर चढ्ढा यांचा 'बेंड इट लाइक बेकहॅम' (२००२) मुलाला जरूर दाखवा. लंडनमधल्या पंजाबी शीख घरातली जेस आणि इंग्रज घरातली ज्युल्स, दोघी फुटबॉलवेड्या. जो नावाच्या आयरिश प्रशिक्षकावरून दोघींचं बिनसतं. पण शेवटी अमेरिकेच्या विमानात शेजारी शेजारी कोण असतं? या दोघी मैत्रिणी, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन. प्रशिक्षक मागे राहतो, विमानतळावर जेसला निरोप देऊन. इथे जाणं मुलींनी स्वतः निवडलं आहे, म्हणून तो निरोप जड वाटत नाही. जेसच्या वडिलांवरही लक्ष ठेवायला सांगा. नैरोबीत वेगवान गोलंदाजी करणाऱ्या या माणसाला इंग्लंडच्या क्लबांनी दारातूनच परत पाठवलं होतं. मुलीला ते अडवतात त्यामागे ही जुनी जखम आहे, आणि तेच शेवटी तिला जाऊ देतात.

मुलाला काही समजावून सांगू नका. त्याला विचारा, 'तू डॅनियलच्या जागी असतास तर काय केलं असतंस?' आणि उत्तर येईपर्यंत थांबा. तो स्वतःच्या शाळेतलं काही सांगू लागला तर चित्रपटाचा विषय बाजूला राहू द्या. 'फ्लर्टिंग' मात्र आत्ता नको, दोन-तीन वर्षांनी. त्यातली काही दृश्यं थोड्या मोठ्या वयाची आहेत.

प्रश्न : असे परदेशी चित्रपट मुलांना डब केलेले दाखवावेत की मूळ भाषेत, उपशीर्षकांसह?
– एक वाचक

उत्तर : मूळ भाषेतच. दोन भाषांतल्या मुलांची कथा असेल तर कोण कुणाच्या भाषेत बोलायला जातं, यावर बरंच अवलंबून असतं. 'अ लिटल रोमान्स'मध्ये फ्रेंच डॅनियल लॉरेनशी इंग्रजीत बोलतो, मित्राशी फ्रेंचमध्ये. तिचं नाव लॉरेन म्हणून तो स्वतःला 'बोगी' म्हणवून घेतो, कारण हॉलिवूडची हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बॅकॉल ही जोडी त्याच्या डोक्यात आहे. डब केलेल्या प्रतीत सगळे एकाच भाषेत बोलू लागतात आणि दोघांमधलं अंतरच ऐकू येत नाही. वाचायचा वेग कमी असलेल्या लहान मुलांसाठी डब चालेल. दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांना उपशीर्षकं जड जात नाहीत. पहिली पंधरा मिनिटं त्यांच्याजवळ बसा, एवढं पुरे.