आईच्या रक्तात ईबीव्हीच्या 4,200 कॉपीज, म्हणजे आशा सोडायची का?

आईंना नाकातला एनके/टी-सेल लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर) आहे आणि रिपोर्टमध्ये ईबीव्ही, म्हणजे एपस्टाइन-बार विषाणूच्या डीएनएच्या एवढ्या कॉपीज (प्रती) आल्या, म्हणून तुम्ही हे विचारलंत. नाही. या एका आकड्यावरून तर मुळीच नाही.

मी डॉक्टर नाही, पण गेली काही वर्षं लॅबमध्ये हीच पीसीआर टेस्ट (विषाणूचा डीएनए मोजणारी) लावते. जांभळ्या टोपणाची ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढली की तळाशी लाल पेशी बसलेल्या असतात आणि वर फिकट पिवळा प्लाझ्मा. खरी मेख तिथेच आहे. ईबीव्ही 90 टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात बी-पेशींमध्ये (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) लपून असतो, कदाचित तुमच्या-माझ्याही. म्हणून अख्ख्या रक्तात तो थोडाफार सापडला तर अर्थ लावणं अवघड जातं. अशा आजारात प्लाझ्मात सापडतात ते मात्र बहुतेक वेळा कॅन्सरच्या गाठीच्या मरणाऱ्या पेशींतून सांडलेले डीएनएचे तुकडे. आईंच्या या लिम्फोमात जवळपास प्रत्येक पेशंटच्या गाठीत हा विषाणू असतो, म्हणूनच डॉक्टरांनी टेस्ट सांगितली.

तेव्हा रिपोर्टवर आधी नमुना कुठला ते बघा, मग युनिट. एक मुलगा वडिलांचे दोन लॅबचे रिपोर्ट घेऊन आला होता. पंधरा दिवसांत विषाणू दहापट वाढला म्हणून दोन रात्री झोपला नव्हता बिचारा. एक रिपोर्ट प्लाझ्माचा होता, दुसरा अख्ख्या रक्ताचा. त्यांची तुलनाच होत नाही. कॉपीज आणि आंतरराष्ट्रीय युनिट यांचंही तसंच.

या लिम्फोमात धोका किती हे ठरवणाऱ्या, 2016 साली आलेल्या पिंक-ई या मोजपट्टीत पाच गोष्टी धरतात: वय 60 च्या वर, तिसरी-चौथी स्टेज, दूरच्या लसिकाग्रंथींत पसरलेला आजार, नाकाबाहेर सुरुवात आणि रक्तात ईबीव्ही. विषाणू सापडला की नाही एवढंच त्यात बघतात, 4,200 की 42,000 हे नाही. आईंचा आजार नाकातलाच, म्हणजे एक मुद्दा तिथेच गळाला.

माझ्या मते यापुढचे आकडे जास्त बोलके ठरतील. अ‍ॅस्परॅजिनेज या औषधावर आधारित केमो आणि रेडिएशन संपल्यावर प्लाझ्मात काहीच सापडलं नाही, तर ती फार चांगली खूण. तरीही सापडत राहिला तर आजार उलटण्याची भीती जास्त असते, हे तुमच्यापासून लपवणार नाही. अशा वेळी डॉक्टर पेट-सीटी स्कॅन बघून पुढचं ठरवतात.

पुढचा नमुना आधीच्याच लॅबमध्ये द्या आणि फॉर्मवर ‘प्लाझ्मा’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या.